वाऱ्याचा रकाना

थंडीत आमच्याकडे पहाटेचा सातपुडा नाहीसा होतो. म्हसावदच्या रस्त्यावर उभं राहिलं की उत्तरेला तो असायला हवा. असतोही, पण मध्ये धुकं इतकं दाट असतं की डोंगर कुणीतरी घडी करून ठेवून दिलाय असं वाटतं. अशा वेळी मी पपईच्या बागेच्या बांधावर उभा राहून डोळे अर्धे मिटतो. हळूहळू ते धुकं एका जागी गोळा होतं, फुगतं, उमलतं, आणि मी पुन्हा वाळवंटात पोचतो. समोर पिवळी वाळू, वर निळं आभाळ आणि मधोमध एक पांढरंशुभ्र झाड उगवतंय.

हे झाड म्हणजे पांढऱ्या फॉस्फरसचा गोळा. मी सतरा वर्षं तोफखान्यात होतो. तोफ ओढणारे वेगळे, गोळा भरणारे वेगळे. मी तोफेमागच्या तंबूत पाटी-पेन्सिल घेऊन बसणारा. वारा किती, अंतर किती, तोंड कुठं करायचं, हा हिशेब माझा. गावात अर्थात मी हे असं सांगत नाही. गावात मी फौजी आहे, आणि धुराच्या बाबतीत तर मास्तर.

दूध डेअरीच्या ओट्यावर सकाळी जी मंडळी बसतात, त्यांना माझ्या फजित्या तोंडपाठ आहेत. भरती झालो त्या आठवड्यात मी न्हाव्याला कडक सॅल्यूट ठोकला होता, कारण सगळ्यांत जास्त रुबाब त्याचाच होता. एकदा धुक्यात उभ्या असलेल्या ट्रकला म्हैस समजून मी 'हैक हैक' करत हाकललं होतं, आणि आत झोपलेल्या ड्रायव्हरनं खरंच गाडी पुढं घेतली होती. लोक हसतात. मी त्यांच्याहून जोरात हसतो. स्वतःच्या चुका सांगणाऱ्या माणसाचा एक फायदा असतो: त्यानं सगळ्याच सांगितल्या आहेत असं लोक धरून चालतात.

मी एक सांगितली नव्हती.

गेल्या वर्षी ओट्यावर एकाच्या मोबाइलवर एक व्हिडिओ आला. कुठल्याशा लांबच्या देशात लढाई चाललेली. संध्याकाळचं आभाळ, आणि त्यातून पांढऱ्या दोऱ्यांचा एक झुबका खाली उतरत होता. प्रत्येक दोरीच्या टोकाला एक ठिणगी. मोबाइलवाला म्हणाला, "काय भारी फटाका शे भो!"

मी सरसावून बसलो. फटाका नाही, हा धुराचा गोळा, असं सांगून मी आमचं शास्त्र उलगडलं. आतला फॉस्फरस मेणासारखा असतो. हवा लागली की आपोआप पेटतो आणि पांढरा धूर सोडतो, की त्याच्याआड आपले जवान पुढं सरकावेत. हल्ली तर माणसाच्या अंगाची ऊब बघणारी यंत्रं आली आहेत. साध्या धुरातून ती आरपार बघतात, पण हा धूर गरम, म्हणून तो त्यांनाही चकवतो. मी हातवारे केले. कापसाचं बोंड एका क्षणात उमलावं तसं दिसतं, म्हणालो.

दूध मोजणारा फॅटच्या यंत्रावरून मान वर न करता म्हणाला, "मंग खाले घरे शेतस ना?"

मी पुन्हा बघितलं. खाली घरं होती. गच्च्या, गच्चीवर वाळत घातलेले कपडे.

"तसा वापरायचा नसतो," मी म्हणालो. "नियम आहे. माणसांच्या वस्तीवर आग लावायला नाही वापरायचा. धूर करायला चालतो."

"धूरले काय माहीत, तो कशाले सोडेल शे ते?" दूध मोजणारा म्हणाला आणि पुढची किटली घेतली.

त्या दिवशी मी ट्रकच्या म्हशीची गोष्ट पुन्हा सांगितली. हशा नेहमीएवढाच झाला.

घरी आलो तर बायकोनं चुलीवर कढई ठेवलेली. "लसून टाकू का नही?" तिनं विचारलं. ती हे दर वेळी विचारते, माझं उत्तर ठरलेलं असूनही. फौजेतून आल्यापासून मला लसणाच्या फोडणीचा वास सहन होत नाही. शेजारच्या बायकांना वाटतं मी देवाधर्माला लागलो. एक म्हातारी तर एकादशीला माझ्या पाया पडायला निघाली होती. मीही थोडा मागं सरकलो, फार नाही.

खरं असं की पांढऱ्या फॉस्फरसला लसणाचा वास येतो.

त्या वेळी वाळवंटात आमचा सराव चालू होता. तोफा इकडं, नेम तिकडं, आणि नेमाच्या अलीकडे एका वाळूच्या टेकडीवर आमचे तिघं जण दुर्बीण आणि वायरलेस घेऊन बसलेले. गोळा कुठं पडतोय आणि वारा कसाय, हे तिथून तंबूत कळवायचं. वायरलेसवरचा जवान आमच्याच जिल्ह्यातला, सातपुड्याच्या वरच्या पाड्यातला पावरा आदिवासी. बारीक अंगाचा, कमी बोलणारा. पण वाऱ्याच्या बाबतीत त्याला कुणी हरवू शकत नसे. बोट ओलं करून वर धरायचा, नाक थोडं उंचावायचा आणि सांगायचा: इतका वेळ असा, मग असा. साहेब लोक आधी हसायचे, मग यंत्र बघायचे, मग हसायचे नाहीत. सुट्टीला आम्ही एकाच गाडीनं यायचो. शहाद्याला मी उतरायचो, तो पुढं डोंगराकडं जायचा.

माझ्यापुढं एक छापील कागद असायचा. त्यात एक रकाना होता: टेकडीवरून कळवलेला वारा. त्या सकाळी टेकडीवरून निरोप यायला उशीर होत होता, वायरलेस खरखरत होता, आणि मला साहेबांपुढं चपळाई दाखवायची होती. मी तंबूबाहेर आलो आणि लहानपणी खळ्यावर करायचो तेच केलं. मूठभर वाळलेलं गवत चुरगाळून हवेत सोडलं. भुसा पूर्वेला गेला. आत येऊन मी रकान्यात लिहिलं, पूर्व.

उफणणाऱ्या माणसाला भुसा कुठं जातो याच्याशी मतलब. धान्य कुठं मांडायचं आणि आपण कुठं उभं राहायचं, ते त्यावर ठरतं. फौजेला वारा कुठून येतो हे हवं असतं. हे मला शिकवलं होतं, परीक्षेत मी ते बरोबर लिहून पासही झालो होतो. पण घाईत हात खळ्यावरच्या पोराचा झाला. मागाहून वायरलेसवर टेकडीवरच्या त्या जवानाचा निरोप आला. पश्चिम, स्पष्ट. मी "मिळालं" म्हणालो आणि कागदाकडं बघितलंच नाही, कारण रकाना भरलेला होता.

त्या उलट्या वाऱ्याच्या हिशेबानं तोफांची तोंडं वळली, गोळे गेले. बाहेर येऊन बघतो तर झाड उगवलेलं, पण भलत्या ठिकाणी. टेकडीच्या अगदी कडेला. ते इतकं सुंदर होतं की क्षणभर मी बघतच राहिलो. हे लिहायला लाज वाटते, पण तसंच झालं. पांढऱ्या फांद्या संथपणे बाहेर झुकल्या, आणि मग धूर टेकडीवर पसरून टेकडी दिसेनाशी झाली.

दोघं धडधाकट खाली आले. वायरलेसवाल्याच्या डाव्या हातात मात्र एक ठिणगी घुसली होती, तांदळाच्या दाण्याएवढी. त्यांनी पाण्याच्या बाटल्या ओतून ओलं फडकं गुंडाळलं होतं. जीप आमच्या तंबूपाशी थांबली तेव्हा वाळवंटाच्या हवेत फडकं सुकत आलेलं, आणि त्याच्या हातातून, माणसाच्या हातातून, बिडीतून निघावा तसा बारीक धूर पुन्हा निघायला लागला. कुणीतरी ओरडलं, पाणी आणा. लसणाचा वास आला. तो माझ्याकडं बघून म्हणाला, "भाऊ, वारा फिरला का रे?"

मी म्हणालो, "फिरला असेल."

चौकशी झाली. कागद पुढं आला. टेकडीवरून कळवलेला वारा: पूर्व. त्याला विचारलं, तू काय कळवलंस? हाताला पट्टी, अंगात ताप. त्यानं कागद हातात घेऊन पाहिला. मग म्हणाला, "कागदावर आहे तर मीच म्हणालो असेन." त्याला वायरलेसवरून काढून स्वयंपाकघराकडं टाकलं. पुढं काही वर्षांनी तो शिपाई म्हणूनच घरी गेला. मी हवालदार होऊन आलो.

त्याचं गाव आमच्यापासून एका दिवसात जाऊन येण्यासारखं. मी कधी गेलो नाही. रस्ता खराब आहे, असं मी सांगायचो. मग रस्ता चांगला झाला.

या जानेवारीत थंडी फार पडली. पपईला थंडी बाधते. पानं करपतात, फळ पिकायचं विसरतं. अशा दिवसांत आमच्याकडे पहाटे बागेत धूर करतात. ओलं गवत, कापसाची पऱ्हाटी, उसाचं पाचट यांचे ढीग वारा येतो त्या अंगाला लावायचे आणि नुसते धुमसत ठेवायचे, म्हणजे धुराची गोधडी झाडांवर पसरते. बाग माझ्या थोरल्या भावाची आणि माझी सामाईक. तो म्हणाला, "तू धूरना मास्तर शे ना? दखाड मंग."

दाखवायला मी एका पायावर तयार होतो. वहीत बागेचा नकाशा काढला, पावलं मोजून खुणा रोवल्या. बायको चहा घेऊन आली आणि खुणा बघून म्हणाली, "आठे पाकिस्तान येवाव शे का?"

ढीग रचत होतो तेव्हा बांधापलीकडं, बागेच्या दक्षिणेला, ऊसतोडीवाल्यांच्या कोप्या दिसत होत्या. पाचटाच्या सात-आठ झोपड्या. दरवर्षी डोंगरातली माणसं येतात, ऊस संपला की जातात. त्यातल्या एका कोपीपुढं एक माणूस तान्हं बाळ मांडीवर घेऊन उन्हात बसला होता. बारीक अंगाचा, बाही मनगटापर्यंत खाली ओढलेली. त्यानंच मला आधी ओळखलं.

"भाऊ!" तो उठला. "किती जाडा झालास रे तू."

त्याची लेक आणि जावई तोडीला आले होते. लेक बाळंत होऊन महिनाच झाला होता, म्हणून नात सांभाळायला तोही खाली उतरला होता. त्याला एवढा आनंद झाला की मला कुठं बघावं कळेना. "तू कधी आला नाहीस," तो म्हणाला, तक्रार म्हणून नाही, नोंद म्हणून.

मी त्याला डेअरीच्या ओट्यावरच्या सकाळच्या बैठकीचं सांगितलं, माझे ढीग दाखवले. तो प्रत्येकापुढं थांबून मान डोलवत होता. शेवटी मी मोठेपणानं विचारलं, "उद्या पहाटे वारा कुठून राहील? तुझं बोट काढ बाहेर."

त्यानं हात चटकन मागं घेतला. "मला नको विचारू. मी सांगितलेल्या वाऱ्यानं काय होतं, तुला माहीत आहे."

कोपीच्या दारातून त्याची लेक हसली. "काका, बाबा वारं सांगतच नाहीत. आमच्या पाड्यात खळ्यावर उफणायचं असलं ना, तर बाबा शेजारच्या पोराला विचारतात, कसं उभं राहू? लोक म्हणतात, फौजेत जाऊन विसरून आला."

तोही हसला. मी हसलो की नाही, आठवत नाही.

पहाटे चारला मी आणि भाऊ बागेत पोचलो. वारा उत्तरेचा होता, मंद, डोंगरावरून उतरणारा. या वेळी मी कुठून आणि कुठं दोन्ही तपासलं, वहीत दोन्ही लिहिलं, खाली रेघ मारली. उत्तरेच्या कडेचे ढीग धुमसायला लागले. धूर जमिनीलगत सरकत आला, झाडांच्या बुंध्यांशी रेंगाळला आणि वर चढला. उजाडायला लागलं तशी बाग पांढऱ्यात तरंगू लागली. नुसते पपईचे शेंडे दिसत होते, पाण्यात उभ्या असलेल्या छत्र्यांसारखे. आवाज बंद झाले. मला वाटलं मी झोपेत आहे आणि कुणी उठवू नये. आयुष्यात पहिल्यांदा माझा धूर हवा तिथं पडला होता.

मग दक्षिणेकडून खोकला ऐकू आला. आधी एकाचा. मग तीन-चार जणांचा. आणि त्यांच्यामधून एक अगदी बारीक आवाज, रडायला लागणारी हवासुद्धा पुरत नसल्यासारखा.

माझा वारा बरोबर होता. वाऱ्याच्या शेवटी काय आहे, ते मी नकाशावर काढलंच नव्हतं. माझी बाग जिथं संपत होती तिथं माझी वही संपत होती.

धुरातून तो येताना दिसला, नातीला धोतरात गुंडाळून छातीशी धरलेलं. "भाऊ, वारा फिरला का रे?" त्यानं विचारलं. तेच शब्द. आणि मग, माझ्या उत्तराची वाट न बघता, "काल मी काही म्हणालो नव्हतो ना? मी नव्हतो ना काही सांगितलं?"

तान्ही पोर गुदमरत असताना तो आपली साक्ष काढत होता.

मी बादली घेऊन धावलो. ठिबकची नळी उपसली, जवळचे ढीग विझवले, उरलेल्यांवर पायानं माती लोटली. चप्पल जळाली. भाऊ मागून ओरडत होता, "काय करी ऱ्हायना रे तू? मन्ही पपई मरी ना!" मी थांबलो नाही. माझ्या सगळ्या कवायतीत एवढा पळालेला मी मलाच आठवत नाही. धूर विरळ झाला, पोर मोठ्यानं रडली आणि सगळ्या कोप्यांतून बायका एकदम बोलायला लागल्या, तेव्हा मी त्याच्यापुढं जाऊन उभा राहिलो, तोंड काळं, हातात रिकामी बादली. अशा अवतारात कबुली देणारा माणूस मी दुसरा बघितलेला नाही.

"तू पश्चिम सांगितलं होतंस," मी म्हणालो.

"काय?"

"वाळवंटात. तू पश्चिमच म्हणाला होतास. पूर्व मी लिहिलं. तुझा निरोप यायच्या आधी. तुझ्या रकान्यात."

त्यानं नातीला लेकीकडं दिलं. बांधावर बसला. बोटांनी माती चाळवू लागला. मला वाटलं मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं, मी ती गोष्ट ओट्यावर रंगवून सांगितली असती.

"पश्चिम," तो शेवटी म्हणाला, स्वतःशी. "मला पण तसंच वाटायचं. मग वाटायचं, कागद खोटं कशाला बोलेल." मग माझ्याकडं बघून: "तू सकाळी कुठं बसतोस म्हणालास? डेअरीवर? चल."

"आत्ता?"

"आत्ता."

ओट्यावर मंडळी जमलेली. माझं काजळलेलं तोंड बघूनच हशा सुरू झाला. तो एका कोपऱ्यात, कट्ट्याच्या कडेला टेकला. मी उभा राहून सांगितलं. गवत, रकाना, पूर्व. मी जसजसं सांगत गेलो तसतसं लोक हसत गेले. इतक्या वर्षांच्या सवयीनं माझा आवाजच तसा लागला होता. त्यात म्हैस होती, न्हावी होता. एक जण मांडीवर थाप मारून म्हणाला, "मंग? गोया कथा पडना? साहेबना तंबूमा?"

मी त्याच्याकडं बघितलं.

कोपऱ्यात तो उभा राहिला. त्यानं डावी बाही कोपरापर्यंत वर सरकवली. मनगटाच्या वर एक खड्डा होता, मेण ओघळून थिजावं तसा, भोवती चकाकती कातडी. त्यानं हात सगळ्यांपुढून फिरवला, दुकानदार कापड दाखवतो तसा, घाई न करता. मग बाही खाली केली.

फॅटचं यंत्र तेवढं घुरघुरत होतं.

माझा भाऊ तोवर येऊन पोचला होता, भांडायला. दक्षिणेकडच्या दोन ओळींची पानं काळवंडली म्हणून सांगायला. तो तोंड उघडून तसाच उभा राहिला. दूध मोजणाऱ्यानं किटली खाली ठेवली. विचारायचं काहीतरी म्हणून, किंवा त्याला समजलं होतं म्हणून, त्यानं विचारलं, "मंग आज वारा कथाईन शे?"

सवयीनं सगळ्यांच्या माना माझ्याकडं वळल्या. मी खाली माझ्या जळक्या चपलेकडं बघितलं.

कोपऱ्यातल्या माणसानं बोट तोंडात घालून ओलं केलं, वर धरलं, नाक जरासं उंचावलं.

"उत्तरेचा," तो म्हणाला. "ऊन वर चढेपर्यंत राहील. मग पडेल." थांबला. पुन्हा नाक उंचावलं. "दुपारनंतर पश्चिमेचा."

"पक्कं?" माझ्या भावानं विचारलं.

"पक्कं," तो म्हणाला, आणि नात रडत असेल म्हणून निघून गेला.

दुपारी मी बांधावर जाऊन बसलो होतो. पपईची पानं उत्तरेच्या वाऱ्यानं हलत होती, मग ती थांबली. सगळीकडं नुसतं ऊन उभं राहिलं. मी मूठभर पाचट चुरगाळून हातात धरलं, पण सोडलं नाही. पलीकडं कोपीपुढं तो नातीला मांडीवर घेऊन बसला होता आणि त्याचं तोंड पश्चिमेकडं होतं.